चुंबकाचा खण

गास, नालासोपारा (पश्चिम)
६ जुलै २००३

प्रिय सुमे,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उशीर झाला म्हणून रागावू नकोस, शाळा उघडली की माझं काय होतं ते तुला ठाऊक आहे. पहिल्या तासाला तिसऱ्यांचा खेळ घेतला. सहावीच्या पोरांनी घरी तिसऱ्यांचं कालवण झाल्यावर उरलेले शिंपले धुऊन आणले, आम्ही ते जमिनीवर ओतले, कालवले, आणि प्रत्येकाला एकेक बाजू देऊन सांगितलं, हिची जोडी शोध. दिसायला सगळे सारखे, पण बिजागरीचे दात जुळतात ते एकाचेच. अठरा वर्षं हा खेळ घेते आहे, अजून कंटाळा येत नाही.

तू लिहिलंस की तुझ्या संग्रहालयानं आपल्या वस्तू इंटरनेटवर मांडल्यात, जगात कुठूनही बघता येतात. वाचून मला फार मोठेपणा वाटला. शिक्षकांच्या खोलीत मी पत्र वाचून दाखवलं आणि सांगितलं, माझी बालमैत्रीण तिकडे संग्रहालयात मोठ्या हुद्द्यावर आहे. हा मोठेपणा मला महागात पडणार असं दिसतंय.

झालंय असं, की एका कंपनीनं टाकून दिलेले दोन कॉम्प्युटर शाळेला मिळाले आणि त्याच महिन्यात एक नवी शिक्षणसेवक आली. ज्ञानदा तिचं नाव. वय पंचवीस, नायगावला नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहते. अठरा वर्षं पोरं मला 'बाई' म्हणतात. तिला पहिल्या दिवसापासून 'मॅडम'. कोणी शिकवलं नाही, आपोआप.

तर तुझं पत्र वाचून झाल्यावर ही मॅडम माझ्याकडे आली आणि तुझा ई-मेलचा पत्ता मागितला. सगळ्यांसमोर नाही कसं म्हणणार? तू पत्राच्या तळाशी लिहिला होतास, तो मी दिला. देताना वाटलं, आपण आपल्या घराची किल्ली परक्याच्या हातात ठेवतोय.

आणि खरं दुखणं ऐक. कॉम्प्युटरला कोरडी जागा हवी. कोरडी खोली एकच, माझ्या सहावीची, आणि तिच्या कोरड्या भिंतीला माझं कपाट. मुख्याध्यापिका आग्नेस बाई म्हणाल्या, "विनिताबाई, सप्टेंबरात विस्तार अधिकारी येणार आहेत. त्यांना कॉम्प्युटरवरचा पाठ दाखवू. आवडला तर कपाट मागच्या शेडमध्ये हलवू." शेडमध्ये, सुमे. तिथं प्लासिड शिपाई खराटे आणि फिनेल ठेवतो. सुगरणीची घरटी, खेकड्यांच्या कवच्या, सापाची कात, सगळं फिनेलशेजारी.

कपाटातला पहिला नंबर अजून आपलाच आहे. कळंबच्या किनाऱ्यावरचा तळहाताएवढा शिंपला, नववीत सापडलेला. एक बाजू मी घेतली, एक तू. तुझी आहे ना अजून?

मायेनं,
विनू

—

मँचेस्टर
२७ जुलै २००३

प्रिय विनू,

पत्र वाचून पोट धरून हसले, आणि मग कपाटाचं वाचून हसू गेलं. शेडमध्ये जाऊ देऊ नकोस. काहीतरी मार्ग निघेल.

तुझी ज्ञानदा मोठी गोड मुलगी आहे गं. तिचे दोन-तीन दिवसांआड मेल येतात. शाळेत फोनची लाइन नाही, म्हणून ती शाळा सुटल्यावर नायगावला जितेश नावाच्या कोणाच्या सायबर कॅफेत बसते आणि आमची पानं एकेक करून फ्लॉपीवर उतरवून घेते. तासाला पंचवीस रुपये स्वतःच्या खिशातले. काय काय विचारते. हाडं कशी जोडतात, पक्ष्यांची अंडी कशी टिकवतात, शिंपल्यांच्या पाट्या कोण लिहितं. मी इथल्या माणसांना विचारून उत्तरं देते.

मी बरी आहे. माझ्या विभागात शाळांच्या सहलींची गर्दी असते. सुट्टीतही लहान मुलं येतात, त्यांच्या शिक्षिका पुढे चालतात आणि मुलं बदकांच्या पिलांसारखी मागे. बघत राहते.

शिंपला आहे. त्याचं पुढं काय झालं ते नंतर सांगेन.

दिनानाथरावांना नमस्कार. तुमच्या वाडीत भेंडी, वांगी कशी आहेत ते कळव. इथं भेंडी मिळते, पण तिला वाडीच्या भेंडीचा वास नाही.

तुझीच,
सुमेधा

—

गास
१७ ऑगस्ट २००३

सुमेधा,

'तुझी ज्ञानदा' असं लिहू नकोस. ती माझी नाही. असलीच तर तुझी.

तू मला लिहितेस की ती गोड आहे. मला ते इथं बसून रोज दिसतं, परदेशातून कळवायची गरज नाही. परवा डबा खाताना तिनं सांगितलं, "सुमेधाताई म्हणाल्या, त्यांच्याकडे यंदा उन्हाळा फार कडक आहे." मला नाही सांगितलंस. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "सुमेधाताईंचा गुडघा दुखतोय." गुडघ्याचंही मला नाही. माझ्या पत्राला तुझं उत्तर येतं तीन आठवड्यांनी, तिच्या पत्राला तीन तासांनी. आणि तू तिची ताई कधीपासून झालीस?

मला हेवा वाटतो, सुमे. उगाच आडून बोलत नाही. तिच्या बोटांचा हेवा वाटतो, खटाखट चालतात त्यांचा. पोरं तिच्याभोवती कशी गोळा होतात त्याचा. परवा मनालीनं, माझ्या वर्गातल्या सर्वांत हुशार पोरीनं, विचारलं, "बाई, मॅडमच्या कॉम्प्युटरवर अख्ख्या देवमाशाचा सांगाडा हाये. आपल्या कपाटात कोनाचा हाये?" मी म्हटलं, उंदराचा. पोरं हसली. वाईट हसली नाहीत, पण हसली.

तो उंदराचा सांगाडा मी चार महिने मुंग्यांच्या वारुळाशेजारी ठेवून साफ केला होता. दिनानाथ तेव्हा वासाला कंटाळून घर सोडून भावाकडे जायला निघाले होते.

मी एकदा तिच्या खांद्यावरून वाकून बघितलं. चित्रं सुंदर आहेत, खोटं कशाला बोलू? शिंपला फिरवता येतो, मोठा करता येतो. पण त्याचा वास येत नाही, त्याची कड बोटाला लागत नाही. मी हे बोलले, तर ती म्हणाली, "खरंय, बाई." भांडली असती तर बरं वाटलं असतं. हिच्याशी भांडताही येत नाही.

अधिकारी २३ सप्टेंबरला येणार. पाठाचं नाव 'समुद्रकिनाऱ्यावरचे जीव'. माझा विषय. कळंबचा किनारा शाळेपासून सायकलनं अर्ध्या तासावर, आणि पोरांना तो मँचेस्टरहून दाखवणार.

आणि शिंपल्याचं 'नंतर सांगेन' म्हणजे काय? हरवलास का? हरवला असशील तर तसं लिही, मी समजून घेईन.

विनिता

—

मँचेस्टर
६ सप्टेंबर २००३

प्रिय विनू,

एवढी चिडशील असं वाटलं नव्हतं. ज्ञानदाला मी लवकर उत्तर देते कारण मेल आहे, एवढंच. तुला पत्र लिहायचं तर मी रविवारची दुपार राखून ठेवते, चहा करते, दार लावून बसते. दोन्हींत फरक आहे. तुला कोणता मोठा वाटतो ते तू ठरव.

शिंपला हरवलेला नाही. जास्त विचारू नकोस. मी ज्ञानदाला शब्द दिलाय.

२३ तारखेची वाट बघ. बाकी त्यानंतर.

तुझी सुमेधा

—

गास
२८ सप्टेंबर २००३

प्रिय सुमे,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. 'मी ज्ञानदाला शब्द दिलाय.' हे वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. आपण नववीत एकमेकींना शब्द दिला होता, की एकमेकींपासून काही लपवायचं नाही. असो. आता रागावून काय उपयोग? झालं ते सांगते.

२३ तारीख पार पडली. आणि कपाट वाचलं.

शनिवारी ज्ञानदानं चारही फ्लॉप्या शाळेच्या कॉम्प्युटरवर लावून बघितल्या, सगळं नीट दिसलं. ते कॉम्प्युटर इतके जुने, की आत काही साठवलं की बंद पडतात, म्हणून सगळं फ्लॉपीवरूनच दाखवायचं ठरलं होतं. सोमवारी सुट्टी जाहीर झाली होती. शाळेत धड कुलूप लागतं असं कपाट एकच, माझं. ती म्हणाली, "बाई, तुमच्या कपाटात राहू देत, घरी नेताना कुठं भिजायला नकोत." मी घेतल्या आणि खालच्या खणात ठेवल्या.

मंगळवारी अधिकारी आले. वर्गात काळोख केला, पोरं जमिनीवर मांडी घालून बसली. तिनं पहिली फ्लॉपी घातली. कॉम्प्युटर घरघरला आणि इंग्रजीत विचारू लागला की ही फ्लॉपी कोरी आहे, तयार करून घेऊ का. दुसरी घातली, तेच. तिसरी, तेच. चौथी तिनं घालण्याआधी साडीच्या पदरानं पुसली. चौथीही तशीच.

अधिकाऱ्यांनी घड्याळ बघितलं. आग्नेस बाई माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "विनिताबाई, काहीतरी घ्या."

मग मी खिडक्या उघडायला लावल्या, कपाट उघडलं आणि तिसऱ्यांचा खेळ घेतला. अधिकाऱ्यांच्या हातातही एक बाजू दिली. पँट सावरत ते जमिनीवर बसले आणि पाच मिनिटं जोडी शोधत राहिले. सापडली तेव्हा त्यांनी ती टक्कन मिटवून सगळ्यांना दाखवली. शेवटी मी पहिला नंबर हातात घेतला आणि सांगितलं, याची जोडी इथं सापडणार नाही, ती समुद्रापलीकडे गेली आहे. शेरेपुस्तकात अर्धं पान लिहून गेले. कपाट जागेवर राहणार, कॉम्प्युटर ऑफिसच्या कोपऱ्यात.

ज्ञानदा शिक्षकांच्या खोलीत रडत होती. तिच्या अहवालात आग्नेस बाईंना लिहावं लागलं, की पूर्वतयारी अपुरी. शिक्षणसेवकाला कायम होईपर्यंत तीन वर्षं असा शेरा परवडत नाही, मला वाईट वाटलं. पण यंत्राचं असंच असतं. मी खालच्या खणात आपले चुंबक ठेवते, पट्टीचे आणि तो मोठा नालाकृती, ते काही तेव्हा ध्यानातच आलं नाही बघ. कामाच्या गडबडीत कुठं एवढं सुचतं?

आता तरी सांग, तो शब्द कसला होता?

तुझी,
विनू

—

मँचेस्टर
१९ ऑक्टोबर २००३

विनू,

तुझं पत्र तीनदा वाचलं. ज्ञानदाचाही मेल आला होता, त्यात फक्त एवढंच होतं, की फ्लॉप्या खराब निघाल्या, चूक तिचीच, तिनं दोन-दोन प्रती करायला हव्या होत्या. चुंबकाचं तिनं लिहिलं नव्हतं. ते तुझ्याच पत्रातून कळलं.

तो शब्द कसला ते सांगते.

आमच्या संग्रहालयानं मागच्या वर्षी इथं स्थायिक झालेल्या लोकांना सांगितलं, आपल्या मुलखातून आणलेली निसर्गातली एक वस्तू द्या, तिचं इंटरनेटवर पान करू, शाळांना दाखवू. कोणी बी दिलं, कोणी पीस. मी आपला शिंपला दिला. पाटी मीच लिहिली. ते पान चौथ्या फ्लॉपीवर होतं.

ज्ञानदाला ते आपोआप सापडलं. वसई हे नाव दिसलं, म्हणून तिनं मला विचारलं. पुढचे सगळे मेल त्याबद्दलच होते, विनू. देवमासा आणि हाडं दोन मेलांत संपली होती. शिंपला कोणाला सापडला? भांडण झालं का? विनिताबाई तेव्हा कशा होत्या? तिनं सगळा पाठ असा बांधला होता, की शेवटी पडद्यावर माझी बाजू दिसेल, मग ती तुला म्हणेल, बाई, पहिला नंबर आणा, आणि तू तो पडद्याजवळ धरशील. त्यानंतर ती अधिकाऱ्यांना सांगणार होती, की कॉम्प्युटर आणि कपाट एकाच भिंतीला शेजारी हवेत, एकाशिवाय दुसरं अर्धं. कपाट शेडमध्ये जाऊ नये म्हणून तिनं हे सगळं योजलं होतं. तुला आधी सांगायचं नाही, असा मला शब्द द्यायला लावला. तुझा चेहरा बघायचा होता तिला.

आता माझं. मी मोठ्या हुद्द्यावर नाही. मी दारापाशी कोट आणि छत्र्या घेते, खुंटीला अडकवते आणि बिल्ला देते. सतरा वर्षांपूर्वी इथं आले, आपली डी.एड.ची पदविका इथं चालली नाही, मग मुलं झाली, मग राहिलंच. 'माझा विभाग' असं लिहिताना मला लाज वाटायची, पण तू मोठेपणानं वाचून दाखवतेस हे कळलं आणि मी दुरुस्त केलं नाही. शाळांची मुलं येतात, त्यांचे ओले कोट माझ्या हातात देतात आणि शिक्षिकेमागून आत जातात. मी खिडकीतच राहते. दरवर्षी शाळा उघडल्यावरचं तुझं पत्र आलं, ते तिसऱ्यांच्या खेळाचं, की मी ते दोन दिवस फोडत नाही. माझ्याच्यानं वाचवत नाही. हेवा तुला एकटीला वाटतो असं समजू नकोस.

एकच विचारते. सहावीत चुंबकाचा धडा तू दरवर्षी शिकवतेस. कॅसेट, घड्याळ, फ्लॉपी चुंबकापासून लांब ठेवा, हे तू मुलांकडून पाठ करून घेतेस, तूच मला लिहिलं होतंस. विनू, तुझ्या खरंच ध्यानात आलं नव्हतं?

सुमेधा

—

गास
२ नोव्हेंबर २००३

सुमे,

आलं होतं.

फ्लॉप्यांच्या खोक्यावर चुंबकाचं चित्र होतं, त्यावर फुली. ते बघून मी वरचा कप्पा उघडला होता. मग तो बंद केला, खालचा खण ओढला आणि नालाकृतीच्या दोन्ही टोकांवर खोकं ठेवलं. कोणी ढकललं नाही, गडबडही नव्हती. शनिवारची शाळा सुटली होती. मी कुलूप लावलं आणि घरी जाऊन दिनानाथांना म्हटलं, आज वांग्याचं भरीत करते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडेल तेव्हा काय ते करेन.

विनिता

—

गास
७ डिसेंबर २००३

प्रिय सुमे,

महिनाभर तू काही लिहिलं नाहीस. बरोबर केलंस.

शाळा उघडली त्या दिवशी मी ज्ञानदाला व्हरांड्यात गाठलं आणि सांगितलं. वाटलं होतं ओरडेल. ती म्हणाली, "बाई, मला माहीत होतं. मंगळवारी मी खोकं काढायला गेले तेव्हा ते चुंबकाला चिकटलं होतं." मी विचारलं, मग तेव्हाच का नाही सांगितलंस, अधिकाऱ्यांसमोर, तुझ्यावर शेरा आला तेव्हा? ती म्हणाली, "तुमचा तास इतका छान चालला होता. पोरं खुश होती. आणि मग काय सांगायचं?" एवढं बोलून ती वर्गावर गेली.

माझ्या गुन्ह्यावर तिनं दोन महिने पांघरूण घातलं आणि मी तिच्याशेजारी बसून डबा खात होते. मला वाटलं होतं तिच्याबद्दलचा हेवा आता संपेल. उलट वाढला. तिच्या बोटांचा होता तोवर ठीक होतं.

मग मी आग्नेस बाईंकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला आणि मला लेखी द्यायला सांगितलं. मी दिलं. ज्ञानदाच्या अहवालातला शेरा त्यांनी माझ्या कागदासकट वरती पाठवून दुरुस्त करून घ्यायचं ठरवलंय. मला मेमो मिळाला. अठरा वर्षांत पहिला. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना कळलंय. चहा आला की मला कप मिळतो, पण माझ्या बाकावर कोणी बसत नाही. आणि ज्ञानदा आता डबा आठवीच्या वर्गात खाते. तिनं मला माफ केलं असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं, पण तसं नाही. नीट बोलते, कामापुरतं बोलते.

कपाट हलवू का, असं मीच आग्नेस बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, तिला विचारा, तिचा पाठ बुडाला होता. मी विचारलं. ज्ञानदा म्हणाली, "मी पाठात जे ठरवलं होतं तेच." म्हणून कॉम्प्युटर ऑफिसातून माझ्या वर्गात आले, कपाट दीड हात सरकवलं, आता दोन्ही एकाच भिंतीला आहेत. चुंबक मी प्लासिडकडे दिले. ते खराट्यांबरोबर शेडमध्ये असतात, धड्याच्या दिवशी आणते.

पाठ परवा झाला. अधिकारी नव्हते, आग्नेस बाई मागच्या बाकावर होत्या. ज्ञानदानं सगळं पुन्हा उतरवून आणलं होतं, या वेळी दोन-दोन प्रती, आणि त्या तिनं स्वतःच्या पर्समध्ये ठेवल्या होत्या. माझ्याकडे दिल्या नाहीत. ते मला लागलं, आणि लागायचा मला हक्क नाही हेही कळलं.

देवमासा झाला, खेकडे झाले. मग चौथी फ्लॉपी. आधी काळी चौकट, मग वरून खाली हळूहळू, पट्टी पट्टीनं, तुझी बाजू आली. सुमे, तिच्या कडेला तो टवका आहे, दगडावर आपटून तू उडवलेला. अठ्ठावीस वर्षांनी मी तो बघितला. ज्ञानदा म्हणाली, "बाई, पहिला नंबर आणा." तिनं माझ्याकडे न बघता म्हटलं, पण म्हटलं. मी शिंपला घेऊन पडद्याजवळ गेले. चित्र मोठं होतं, तिनं ते लहान करत करत बरोबर माझ्या हातातल्याएवढं केलं. पोरं उठून पुढे आली. बिजागरीचा एकेक दात जुळत होता.

मग तिनं तुझी पाटी मराठीत वाचली. ती मला आता पाठ आहे. "या शिंपल्याची दुसरी बाजू भारतात, वसईजवळच्या गास गावातल्या एका वर्गात आहे. ती माझी मैत्रीण विनिता हिच्याकडे आहे. तिला जे सापडलं ते तिनं कधी स्वतःपाशी धरून ठेवलं नाही, मुलांच्या हातात दिलं. दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघून तिच्याइतकं आनंदी होणारं माणूस मला पुढं भेटलं नाही."

मनालीनं माझ्याकडे बघितलं, मग पडद्याकडे, मग परत माझ्याकडे. "बाई, ही विनिता म्हंजे तुमीच ना?"

ज्ञानदा फ्लॉपी काढायचं थांबली. माझं उत्तर तिलाही ऐकायचं होतं.

मी शिंपला मनालीच्या हातात दिला आणि तिला म्हटलं, सगळ्यांना दाखव.

मी तुझा हेवा केला, सुमे, तू परदेशी गेलीस म्हणून. ज्ञानदाचा केला, तो तर तुला तोंडपाठ आहे. पण तू पाटीवर लिहिलेल्या त्या बाईचा मला जेवढा हेवा वाटतो, तेवढा आजवर कोणाचा वाटला नाही.

विनू